श्वासमार्गानें औषध

कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेनें निघालें कीं शहाड मागें पडतें, आणि टिटवाळ्याच्या गणपतीस जाणारी मंडळी उतरण्याच्या तयारीस लागण्यापूर्वीं आंबिवलीचें स्टेशन येतें. एके काळीं ह्या गांवाची ओळख मोहने येथील रेयॉनच्या कारखान्यामुळें होती. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना स्वातंत्र्याच्या सुमारास निघाला, त्यावर दोन-तीन पिढ्यांचा संसार चालला, आणि २००९ सालीं तो बंद पडला. लांकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढण्याच्या कृतींत कार्बन डायसल्फाइड नांवाचें द्रव्य लागतें. त्याची वाफ छातींत गेली तर काय होतें, हें वैद्यांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. पॅरिसमधील देलपेश नांवाच्या डॉक्टरानें १८५६ सालीं रबराच्या कारखान्यांत हेंच द्रव्य हाताळणाऱ्या मजुरांमध्यें डोकेदुखी, हातापायांची दुर्बलता व बुद्धीचा भ्रंश हीं लक्षणें पाहून नोंदविलीं होतीं. त्या मजुरांनीं तें विष खाल्लें नव्हतें कीं कोणीं तें त्यांस टोंचलें नव्हतें. त्यांनीं केवळ श्वास घेतला होता.

कोणत्याही कारखान्यास बोल लावण्याकरितां आम्ही ही गोष्ट सांगत नाहीं. मनुष्याच्या छातीचें दार किती सताड उघडें आहे, एवढेंच ध्यानांत आणून द्यावयाचें आहे. पोटांत गेलेल्या पदार्थास जठर, आंतडें आणि यकृत असे तीन नाके ओलांडावे लागतात. श्वासावाटे आलेल्या वाफेस ह्यांपैकीं एकही नाका आडवा येत नाहीं. तेव्हां ज्या दारानें विष इतक्या सहज आंत शिरतें, त्याच दारानें औषध कां नेऊं नये, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. हा प्रश्न फार जुना असून त्याचें समाधानकारक उत्तर मात्र गेल्या सत्तर वर्षांतलें आहे. आणि त्या उत्तराचा बराच मोठा भाग आमच्या मुंबईंत तयार झालेला आहे.

ही हकीकत सांगण्यास आणखीही एक कारण आहे. आंबिवली आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत मोडतें. भोंवतीं वीटभट्ट्या आहेत, रस्त्यांची धूळ आहे. कल्याणांत आधारवाडीच्या कचराभूमीस आग लागली म्हणजे तिचा धूर दूरवर पसरे, ती भूमि २०२१ सालीं बंद झाली. अशा ठिकाणीं दम्याचे रोगी घरोघर सांपडले तर नवल नाहीं. परंतु ‘दमा’ हा शब्द आमच्या घरांतून सहसा उच्चारला जात नाहीं. ‘त्याची प्रकृति कफाची आहे’, ‘तिला थंडी सोसत नाहीं’, अशा मवाळ भाषेंत तो रोग वावरतो. डॉक्टरांनीं तोंडांत फवारा मारण्याचें औषध लिहून दिलें, ज्यास सर्वत्र ‘पंप’ म्हणतात, कीं घरांतील वडील मंडळींचा चेहरा उतरतो. एवढें मोठें औषध इतक्यांतच कशाला? एकदां पंप लागला म्हणजे जन्माचा लागला! नुसत्या गोळ्या नाहीं का देतां येणार?

मुलगी असेल तर ही चिंता दुप्पट. स्थळें पाहावयाचीं असतात, म्हणून पंपाची गोष्ट बाहेर फुटूं द्यावयाची नाहीं. पुढें लग्न होतें आणि पंप साड्यांच्या घडींत दडतो. रोज दोन वेळां घ्यावयाचें औषध सासूबाई देवळांत गेल्या असतील त्या दिवशीं घेतलें जातें, आणि मग एखाद्या आषाढांतल्या रात्रीं श्वास कोंडून रिक्षानें कल्याणचें इस्पितळ गांठावें लागतें. जागतिक रोगभाराच्या अलीकडील अंदाजांप्रमाणें भारतांत दमेकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे जगांतील दमेकऱ्यांच्या सुमारें आठवा हिस्सा आहे. परंतु दम्यानें जगांत जे मृत्यु होतात त्यांपैकीं शेंकडा चाळिसांहून अधिक आमच्या एकट्या देशांत होतात. रोग्यांचें प्रमाण आणि मृत्यूंचें प्रमाण ह्यांतील ही तफावत केवळ हवेच्या माथीं मारतां येत नाहीं. औषध आहे, तें मिळतेंही. पण तें योग्य वेळीं, योग्य रीतीनें व नियमानें छातींत पोंचत नाहीं.

आतां ‘मोठें औषध’ कोणतें तें पाहूं. दम्यांत आंवळलेल्या श्वासनलिका सैल करणारें साल्ब्युटामोल नांवाचें औषध गोळींतून घेतलें तर मोठ्या माणसास एका वेळीं २ ते ४ मिलिग्रॅम द्यावें लागतें. तेंच औषध पंपांतून घेतलें तर एका फवाऱ्यांत तें अवघें १०० मायक्रोग्रॅम असतें. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळींत चाळीस फवाऱ्यांचें औषध भरलेलें आहे! गोळी पोटांतून रक्तांत व रक्तांतून सर्वांगांत जाते. वाटेंत छाती धडधडते, हात कांपतात, आणि जेथें औषध हवें त्या नळ्यांच्या वांट्यास त्यांतलें थोडेंच येतें. फवारा थेट तेथेंच पडतो आणि कांहीं मिनिटांत गुण देतो. तुळशीला पाणी घालावयाचें तर कोणी सगळें अंगण भिजवीत नाहीं. गोळी सौम्य आणि पंप जालीम, ही समजूत म्हणजे अगदीं उलटी गंगा आहे.

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना आमच्या आयुर्वेदास नवी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत धूमपानाचा विधि सविस्तर आला आहे. औषधी द्रव्यांची वर्ति करून ती धूमनेत्रांतून, म्हणजे नळींतून, ओढावयाची. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायांत हिक्का व श्वास ह्या रोगांचें विवेचन आहे. श्वासाचे जे पांच प्रकार तेथें सांगितले आहेत त्यांतील तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळ जुळतें. धोतऱ्याचीहि कथा अशीच. शंकरास वाहिला जाणारा हा धोतरा आंबिवलीच्या रुळांच्या कडेलाही उगवतो. मद्रासेकडे त्याच्या मुळ्यांचा धूर दम्यावर ओढीत असत. तेथील डॉक्टर अँडरसन ह्यांजकडून ती माहिती जनरल जेंट नांवाच्या सेनाधिकाऱ्यास कळली आणि १८०२ सालीं त्यानें ती इंग्लंडांत नेली. पुढें शंभर-सव्वाशें वर्षें युरोपांत धोतऱ्याच्या ‘दमा-सिगारेटी’ विकल्या जात होत्या. ह्या वर्गांतील वनस्पतींत अ‍ॅट्रोपीन व त्याच्याच कुळांतील द्रव्यें असतात, आणि त्यांच्यावरच रसायनशास्त्र्यांनीं संस्कार करून इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम हीं आजचीं श्वसनौषधें बनविलीं. (धोतरा स्वतः भयंकर विषारी आहे. ही माहिती वाचून कोणीं घरीं प्रयोग करूं नये.)

मग धुरानें भागत होतें तर पुढच्या खटपटीचें कारण काय? कारण हें कीं धुरांत औषधाचें माप राहत नाहीं, आणि धूर स्वतःच नळ्यांस जाळतो. औषध मोजून द्यावें व धुरावांचून द्यावें, ह्यांत खरी अडचण आहे, आणि ती समजण्यासाठीं छातीची रचना थोडी पाहिली पाहिजे.

श्वासनलिका एखाद्या उलट्या वृक्षाप्रमाणें आहे. खोडाच्या दोन फांद्या, त्यांच्या चार, असें करीत सुमारें तेवीस वेळां ती विभागते, आणि शेवटीं कोट्यवधि वायुकोश लागतात. ते सगळे पसरले तर त्यांचें क्षेत्रफळ सुमारें ७० चौरस मीटर भरेल. आमच्या इकडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाहून अधिक! पण ह्या वृक्षांत शिरण्याची वाट काटकोनांतून आहे. घशांत हवेस एकदम वळावें लागतें. जड कणांस तें वळण साधत नाहीं, ते घशाच्या भिंतीवर आपटून तेथेंच राहतात व मग गिळले जातात. फार हलके कण आंत जातात खरे, पण बसत नाहींत. उच्छ्वासाबरोबर परत येतात. १ ते ५ मायक्रॉन जाडीचे कण तेवढे वळण घेऊन आंत जातात आणि आंत टिकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. अर्थात् केंसाच्या जाडीच्या चौदाव्या भागाहूनही बारीक असे कण, सर्व बहुतेक सारखे, दर वेळीं तितकेच, आणि रोग्याच्या श्वासाच्या नेमक्या क्षणीं सोडावयाचे. हें काम वैद्याचें म्हणावें, रसायनशास्त्र्याचें म्हणावें कीं घड्याळजीचें?

‘इन्हेलर’ हा शब्द इंग्लंडांतील जॉन मज ह्या डॉक्टरानें १७७८ सालीं प्रचारांत आणला; त्याचें यंत्र म्हणजे झांकणाला नळी बसविलेला कथलाच्या मिश्रधातूचा एक पेला होता. त्यानंतर कांचेचे फुगे, रबरी चेंडू दाबून उडवावयाचे फवारे, असे अनेक प्रकार निघाले. ते फुटत, गळत, आणि दर दाबास वेगळें माप देत. १९५५ सालीं अमेरिकेंत रायकर नांवाच्या औषधी कंपनीच्या प्रमुखाची, जॉर्ज मेझन ह्यांची, तेरा वर्षांची दमेकरी मुलगी सुझी ही त्या फवाऱ्यास कंटाळली आणि तिनें वडिलांस विचारलें कीं, केंसांवर मारावयाच्या फवाऱ्याच्या डब्यांत माझें औषध कां भरीत नाहीं? मुलांच्या प्रश्नांस ‘मोठा झालास कीं कळेल’ असें उत्तर देण्याची आमच्याकडील चाल तेथें नव्हती, हें त्या मुलीचें व जगाचें भाग्य. मेझन ह्यांनीं आपल्या रसायनशास्त्र्यास कामास लावलें. अत्तराच्या कुप्यांस बसविण्यासाठीं निघालेली माप सोडणारी झडप आणि शीतकपाटांत वापरला जाणारा द्रवरूप वायु ह्यांची जोड जमली, आणि १९५६च्या मार्चमध्यें ‘मेडिहेलर’ बाजारांत आला. कळ दाबली कीं ठराविक माप बाहेर! आजचे सर्व पंप ह्याच घराण्यांतले.

दुसरा मार्ग भुकटीचा. त्याचा प्रवर्तक रॉजर आल्टुन्यान हा अलेप्पोशीं संबंध असलेल्या आर्मेनियन-इंग्रज घराण्यांतील डॉक्टर स्वतः दमेकरी होता. गिनीपिगच्या केंसांतील कोंडा हुंगून तो स्वतःस दम्याचा झटका आणी, आणि मग नवीं द्रव्यें स्वतःवरच तपाशी. अशा शेंकडों परीक्षांतून क्रोमोग्लायकेट हें औषध हातीं आलें. तें श्वासानेंच घ्यावें लागे, आणि त्याची मात्राही मोठी. आल्टुन्यान महायुद्धांत वैमानिक होता. विमानाच्या पंख्यावरून त्यास सुचलें कीं, औषधाची कॅप्सूल एका चिमुकल्या पंख्यावर बसवावी, रोग्यानें श्वास ओढला कीं पंखा फिरेल आणि भुकटी उधळेल. स्पिनहेलर तो हाच. ह्यांत मर्म असें कीं येथें फवाऱ्याची शक्ति डब्यांत नाहीं, ती रोग्याच्या श्वासांत आहे. म्हणून कळ दाबण्याचा क्षण साधण्याची चिंता उरली नाहीं.

ह्यानंतरचा इतिहास केवळ यशाचा नाहीं, आणि आमच्या मतें घरोघर समजला पाहिजे तो हाच भाग. १९६०च्या दशकांत इंग्लंडांत आयसोप्रेनलिनचे पंप फार खपले, आणि त्याच काळांत तरुण दमेकऱ्यांचे मृत्यु एकाएकीं वाढले. अति वापराचा त्यांत मोठा हात होता, असें तपासांत पुढें आलें. आंवळलेली नळी तात्पुरती सैल होई, रोग्यास हायसें वाटे, तो आणखी फवारे मारी, आणि नळीच्या अस्तराची सूज मात्र आंतल्या आंत वाढत राही. त्या सुजेवरचें औषध १९७२ सालीं आलें: बेक्लोमेथासोन हें स्टेरॉइड श्वासावाटे देतां येऊं लागलें. तेव्हांपासून पंप दोन जातींचे झाले. एक झटक्याच्या वेळीं सुटका करणारा, दुसरा रोज घेऊन सूज आटोक्यांत ठेवणारा. आमच्या घरांतून पहिल्याचें कौतुक होतें, कारण त्याचा गुण तत्काळ दिसतो. दुसरा ‘कांहीं फरक पडत नाहीं’ म्हणून महिन्याभरांत बंद होतो. जागतिक दमा-मार्गदर्शनानें २०१९ सालीं स्पष्टच सांगितलें कीं, मोठ्या माणसांत व वयांत आलेल्या मुलांत केवळ सुटकेच्या पंपावर दम्याचा उपचार करूं नये. ‘स्टेरॉइड’ ह्या शब्दाचा धसका घेणाऱ्यांनीं येथेंही माप पाहावें. तोंडानें घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा हिशेब मिलिग्रॅममध्यें असतो, पंपांतल्याचा मायक्रोग्रॅममध्यें. ‘सवय लागते’ हेंही तसेंच. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याचें व्यसन लागलें असें कोणी म्हणत नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. ख्वाजा अब्दुल हमीद हे बर्लिनला रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेले गृहस्थ. त्यांनीं १९३५ सालीं मुंबईंत सिप्ला ही संस्था स्थापन केली. महात्मा गांधी १९३९ सालीं ४ जुलै रोजीं तेथें भेट देऊन गेले. पुढें त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद ह्यांच्या काळांत ह्या संस्थेनें श्वसनौषधांत हात घातला आणि १९७६ सालीं दम्याचे फवारे बाजारांत आणले. ह्यास एक कायदा अनुकूल होता. १९७०च्या पेटंट कायद्यानें औषध ह्या वस्तूवरचा मक्ता काढून टाकला व केवळ कृतीवरचा ठेवला, त्यामुळें परदेशांत निघालेलें औषध आपल्या कृतीनें येथें करतां येऊं लागलें. परंतु गोळीची नक्कल आणि पंपाची नक्कल ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. गोळींतील द्रव्य तेंच असलें म्हणजे बहुतेक काम झालें. पंपांत द्रव्य तेंच असून कण जाड झाला, झडपेचें रबर फुगलें, किंवा डब्याच्या भिंतीस औषध चिकटून बसलें, तर रोग्याच्या छातींत कांहींच पोंचत नाहीं. एप्रिल २०२० मध्यें, कोरोनाच्या ऐन धामधुमींत, साल्ब्युटामोलच्या प्रोव्हेंटिल ह्या पंपाची पहिली समतुल्य आवृत्ति म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं सिप्लाचा पंप मान्य केला. तें मूळ औषध निघून तोंवर पन्नास वर्षें लोटलीं होतीं, ह्यावरून ह्या कामाची कठिणता ध्यानांत यावी.

मधल्या काळांत तर सगळा डाव नव्यानें मांडावा लागला होता. पंपांतील औषध ढकलणारा क्लोरोफ्लुरोकार्बन वायु पृथ्वीच्या ओझोन आवरणास भोंक पाडतो असें आढळून आलें, आणि १९८७च्या माँट्रियल करारानें तो हळूहळू बंद करावयाचें ठरलें. बदली वायु सांपडला, पण त्यांत औषध जुन्यासारखें मिसळेना, जुन्या झडपा चालेनात. बेक्लोमेथासोनच्या बाबतींत तर गंमत झाली. नव्या वायूंत तें विरघळूं लागलें, कण अधिक बारीक झाले, छातींत अधिक पोंचूं लागले, आणि तशा एका पंपाची मात्रा निम्म्यावर आणावी लागली. औषधाचा रेणु तोच होता, फक्त वाहन बदललें! हा बदली वायूही निर्दोष नाहीं. वातावरण तापविण्यांत तो कर्बवायूच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे, म्हणून आतां तिसऱ्या वायूचा शोध चालला आहे.

भुकटीच्या यंत्रास हा दोष नाहीं, आणि आमच्या देशांत तेंच अधिक रुळलें. त्याचें कारण थोडें घरगुती आहे. पंपाचा डबा एकदम पुरा विकत घ्यावा लागतो. रोटाहेलरसारखें यंत्र एकदां घेतलें कीं पुढें कॅप्सुला लागतील तशा आणतां येतात. ज्यांच्या घरीं पहिल्या आठवड्याचा पगार आणि शेवटच्या आठवड्याची ओढ ठाऊक आहे त्यांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको. कॅप्सुलेंतील भुकटींत औषधाचा अंश अगदीं थोडा. बाकी सारी दुधांतील साखर. औषधाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून गोळे होऊं नयेत म्हणून ते ह्या साखरेच्या मोठ्या कणांवर बसवितात. श्वासाच्या झोतांत ते सुटून आंत जातात, साखर घशांत राहते.

दम्यापुरतेंच हें शास्त्र राहिलेलें नाहीं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी ह्यांनीं लंडनच्या प्रा. पीटर बार्न्स ह्यांच्यासह २००९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत दाखवून दिलें कीं, श्वासनलिका कायमची अरुंद करणारा सी.ओ.पी.डी. हा रोग विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांसही मोठ्या प्रमाणांत होतो आणि चुलीचा धूर हें त्याचें एक प्रमुख कारण आहे. ज्या आजीबाईंनीं जन्मांत तंबाखूस हात लावला नाहीं, पण चाळीस वर्षें फुंकणीनें चूल फुंकली, त्यांच्या खोकल्यास ‘म्हातारपणाचा खोकला’ म्हणून सोडून देऊं नये. त्यांसही हींच श्वासमार्गाचीं औषधें उपयोगीं पडतात. (देवघरांतील धूप व उदबत्ती ह्यांचाही धूर तो धूरच, दमेकरी घरांत असेल तर खिडकी उघडी ठेवावी.)

मधुमेह्यांसाठीं इन्सुलिन हुंगवण्याचा प्रयत्न मात्र शिकण्यासारखा आहे. २००६च्या जानेवारींत अमेरिकेंत ‘एक्झुबेरा’ नांवाचें इन्सुलिन मंजूर झालें. सुई टळणार म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण यंत्र अवजड, किंमत अधिक, मात्रेचा हिशेब वेगळा. रोग्यांनीं तें स्वीकारलें नाहीं आणि २० महिन्यांहून कांहीं अधिक काळ लोटतो तोंच, ऑक्टोबर २००७ मध्यें, फायझर कंपनीनें तें मागें घेतलें. २०१४ सालीं ‘अफ्रेझा’ हें दुसरें इन्सुलिन आलें. त्याचें यंत्र तळहातांत मावतें. डिसेंबर २०२४ मध्यें भारताच्या औषध-नियंत्रकांनीं तें ह्या देशांत आणण्याची परवानगी सिप्लाला दिली. येथें छाती ही केवळ वाट आहे, मुक्काम नव्हे; मोहन्याच्या कारखान्यावरून ज्या वाफेची गोष्ट आम्हीं सांगितली तिच्याप्रमाणेंच हें औषध वायुकोशांतून रक्तांत जातें. म्हणूनच तें सुरू करण्यापूर्वीं फुप्फुसांची परीक्षा करावी लागते, आणि दमा किंवा सी.ओ.पी.डी. असणाऱ्यांस तें देत नाहींत.

क्षयाच्या बाबतींतील खटपट आम्हांस अधिक मोलाची वाटते. क्षयाचे जंतु फुप्फुसांतील भक्षक पेशींच्या पोटांतच दडून बसतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत आयसोनियाझिड व रिफाब्युटिन हीं औषधें अशा सूक्ष्म कणांत बसविण्यावर काम झालें आहे कीं, त्या पेशींनीं ते कण परके समजून गिळावेत आणि औषध थेट शत्रूच्या घरांत जाऊन पडावें. शत्रूच्या भुकेचाच उपयोग करून घेण्याची ही युक्ति पुतनेच्या कथेची आठवण करून देते. फरक एवढाच कीं येथें विष पाजणारा पक्ष आपला आहे.

इतकें सारें खरें. तरी एक गोष्ट सर्व कारखान्यांच्या हाताबाहेर राहते. औषध तयार होण्याची शेवटची क्रिया रोग्याच्या तोंडांत होते. ती चुकली तर मुंबई-पुण्याचे श्रम फुकट. म्हणून ती क्रिया येथें सांगतों. संध्येंतील प्राणायाम ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती सोपी जाईल. पंप असेल तर तो हलवावा; आधीं रेचक, म्हणजे श्वास पुरा सोडावा; ओंठ नळीभोंवतीं मिटून हळूहळू पूरक सुरू करावा आणि सुरू करतांच कळ दाबावी; मग दहा अंक मोजेपर्यंत कुंभक. हात व श्वास यांची वेळ जमत नसेल, आणि लहान मुलांची व वृद्धांची ती सहसा जमत नाहीं, तर मध्यें ‘स्पेसर’ नांवाची पोकळ नळी लावावी. भुकटीच्या यंत्रास मात्र हळू पूरक चालत नाहीं. तेथें श्वास जोरानें व खोल ओढला पाहिजे, नाहीं तर साखरेवरचें औषध सुटतच नाहीं. श्वास सोडतांना यंत्र तोंडापासून दूर धरावें. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे घशांत बुरशी धरत नाहीं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रोगी अजून आढळतात, असें डॉक्टर सांगतात; त्यांस हंसूं नये, कारण यंत्र कसें वापरावयाचें तें त्यांस कोणीं करून दाखविलेलें नसतें. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांसमोर एकदां यंत्र वापरून दाखवावें व ‘बरोबर आहे का?’ म्हणून विचारावें, ह्यांत संकोच कसला? आणि घरांतील सुनेस दमा असेल तर सासूबाईंनींच ती कृति शिकून घ्यावी. मग पंप साड्यांच्या घडींतून निघून देवघराशेजारच्या फळीवर येईल.

आमच्या ठाणें जिल्ह्यांतील पावसाळ्याबद्दल मात्र वेगळें सांगितलें पाहिजे. जून ते सप्टेंबर येथील हवा इतकी ओली असते कीं पापड सादळतात, मीठ पाझरतें. तीच ओल भुकटीचे कण एकमेकांस चिकटवते. कॅप्सुला बाटलींतून आदल्या रात्रीं काढून ठेवूं नयेत, घेण्याच्या क्षणीं काढाव्या आणि झांकण तत्काळ घट्ट लावावें. यंत्र धुतलें तर पुरतें वाळल्यावांचून त्यांत कॅप्सूल घालूं नये. आणि बाटली स्वयंपाकघरांत चुलीजवळ किंवा मोरीच्या फळीवर न ठेवतां कोरड्या कपाटांत ठेवावी.